छापील संवेदक आणि उद्याचा कचरा

चुंबकीय क्षेत्र ओळखणारा संवेदक आता लग्नपत्रिकेसारखा जाळीतून शाई दाबून छापता येतो. ताणलेली पॉलिव्हिनिलिडिन फ्लोराइडची फिल्म दाबताच वीजभार देते, हे जपानच्या हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये दाखविले. या प्लॅस्टिकच्या द्रावणात कोबाल्ट फेराइटचे सूक्ष्म कण मिसळले की शाई होते. चुंबकीय क्षेत्रात कण किंचित आकार बदलतात, भोवतीच्या प्लॅस्टिकला ताण देतात आणि त्या ताणातून वीज उमटते. ठिसूळ चकतीऐवजी लवचीक पट्टी हाती येते. परंतु या शाईत बहुधा वापरले जाणारे डायमिथिल फॉर्मामाइड यकृतास घातक आहे आणि हे फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिक मातीत कुजत नाही. स्वस्त वस्तू फेकलीही सहज जाते. म्हणून निर्धोक द्रावक आणि जुन्या पट्ट्या गोळा करण्याची व्यवस्था यांचा विचार छपाईआधीच व्हावयास हवा.