गॅलेगा

गॅलेगा : शिंबावंत कुलातील एक बहुवर्षायू ओषधी. तिचे शास्त्रीय नाव गॅलेगा ऑफिसिनॅलिस असून मूलस्थान दक्षिण व पूर्व यूरोप आणि पश्चिम आशिया हे होय. उंची सु. १ ते १·५ मी.; पाने संयुक्त व पिच्छाकृती; फुले जांभळट किंवा पांढरी असून मंजरीत येतात; शेंगा अरुंद व सरळ असतात. ‘दूध’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव आले असावे, असे मानतात. कारण तिच्या चाऱ्याने जनावरांचे दूध वाढते, अशी समजूत होती. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचा उगम तिच्या अभ्यासाशी जोडलेला असल्याने तिला महत्त्व आले आहे.

मध्ययुगीन यूरोपात ताप, प्लेग, जंत व सर्पदंश यांवर ही वनस्पती देत असत. सतराव्या शतकातील इंग्रज वनौषधितज्ञ निकोलस कल्पेपर यांनीही तिचे गुण वर्णिले आहेत. पुढे मधुमेहातही तिचा उपयोग होऊ लागला. मात्र ती निर्धोक नाही. अमेरिकेतील यूटा राज्यात १८९१ मध्ये चाऱ्यासाठी ती आणण्यात आली. तथापि ती जनावरांना, विशेषतः मेंढ्यांना, विषारी ठरली व उपद्रवी तण म्हणून पसरली.

गुण व विषारीपणा या दोहोंचे मूळ तिच्यातील ग्वानिडीन गटाच्या संयुगांत आहे. ग्वानिडिनामुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते, असे १९१८ मध्ये दिसून आले. १९२० नंतरच्या दशकात तिच्यातील गॅलेगीन हे संयुग रुग्णांना देऊन पाहण्यात आले. १९२६ मध्ये सिंथॅलिन हे कृत्रिम संयुग प्रचारात आले. परंतु यकृत व मूत्रपिंडे यांना त्यापासून अपाय होत असल्याने ते मागे पडले. याच काळात इन्शुलीन उपलब्ध झाल्याने या संशोधनाची निकडही कमी झाली.

दोन ग्वानिडीन घटक जोडून बनलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये एमिल वर्नर व जेम्स बेल यांनी डब्लिन येथे संश्लेषित केले होते. माणसातील मधुमेहावर त्याचा यशस्वी उपयोग फ्रेंच वैद्य झां स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच गटातील फेनफॉर्मिन हे औषध रक्तातील लॅक्टिक अम्ल घातक प्रमाणात वाढवीत असल्यामुळे १९७७-७८ च्या सुमारास अनेक देशांत बंद करण्यात आले. त्यामुळे मेटफॉर्मिनबद्दलही साशंकता राहिली व अमेरिकेत त्यास १९९४ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध मुख्यतः यकृतातील ग्लुकोजची निर्मिती कमी करते. ते मूत्रपिंडांवाटे न बदलता बाहेर पडते; म्हणून मूत्रपिंडे बरीच क्षीण झालेल्या रुग्णास ते देत नाहीत.

मेटफॉर्मिनाच्या निर्मितीत आज वनस्पतीचा अंशही लागत नाही. मिथेनॉल व अमोनिया यांपासून डायमिथिलअमाइन मिळते. त्याचे हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड ही एकत्र तापविली म्हणजे मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड तयार होते. नंतर स्फटिकीकरणाने त्याचे शुद्धीकरण करतात. सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील चिंचोळी औद्योगिक क्षेत्रात औषधी द्रव्ये व अमाइने यांचे कारखाने असून मेटफॉर्मिन व त्याचा कच्चा माल यांचे उत्पादन सोलापूर परिसरात होते. यूरोपातील कुरणांत सुरू झालेल्या या परंपरेचा आजचा दुवा असा दख्खनच्या पठारावर आहे.

भारतीय वैद्यकातही मधुमेहाचे वर्णन प्राचीन असून त्यावर गुडमार, बिबळा, जांभळाच्या बिया इत्यादींचा वापर परंपरेने होत आला आहे. गुडमारची पाने चघळल्यास काही वेळ गोड चव कळत नाही; मात्र जिभेवरील हा परिणाम आणि रक्तातील साखर उतरणे या भिन्न गोष्टी होत. झाडपाल्यातील क्रियाशील द्रव्याचे प्रमाण जाती, जमीन, ऋतू व साठवण यांनुसार बदलते. गोळीतील औषधाची मात्रा मात्र मिलिग्रॅममध्ये ठरलेली असते. म्हणून वनौषधी नैसर्गिक आहे एवढ्यावरून ती निरुपद्रवी मानणे, किंवा तिच्या भरवशावर चालू औषध परस्पर थांबविणे धोक्याचे असते. गॅलेगाचा इतिहास हेच दर्शवितो की, लोकानुभवाने औषधाची दिशा सुचविली, तरी ते सुरक्षित होण्यास रसायनाची ओळख, विषारीपणाची पारख आणि मात्रेचा निश्चय यांची जोड द्यावी लागली.