गाळातले विषम आकडे

उन्हाळ्यात माकणीच्या निम्न तेरणा धरणाचं पाणी मागं सरलं की काठाचा काळा गाळ उघडा पडतो. यातला चमचाभर गाळ द्रावकात घोळून तो अर्क घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात सोडला, तर हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे रेणू, निघणारच. मग धरणात डिझेल सांडलं म्हणायचं का? थांबा, आधी कार्बन मोजू.

अळवावर पाणी ठरत नाही, ते पानावरच्या मेणामुळं. असं मेण बहुतेक सगळ्या पानांवर असतं आणि त्यात कार्बनच्या लांबलचक साखळ्या असतात. वनस्पती दोन-दोन कार्बन जोडत साखळी वाढवते, म्हणजे आकडा सम. मग शेवटी एक कार्बन काढून टाकते. उरतात 27, 29, 31. सगळे विषम! यंत्राच्या आलेखावर त्यांचे सुळके शेजारच्या 28 नि 30 च्या कितीतरी वर जातात. पानं कधीच कुजून गेली, तरी हा हिशेब गाळात शाबूत राहतो.

खनिज तेलही मूळचं जीवांचंच. पण लाखो वर्षं जमिनीखाली तापताना साखळ्या कुठंही तुटतात आणि सम-विषमाचा भेद पुसला जातो. काठावरच्या पंपाच्या इंजिनातून गळालेल्या डिझेलमध्ये म्हणूनच दोन्ही जवळपास बरोबरीनं दिसतात, आणि साखळ्याही आखूड, साधारण 10 ते 25 कार्बनांच्या.

जुन्या गळतीत मात्र ही युक्ती चालत नाही. साध्या साखळ्या जिवाणू फस्त करतात. तेव्हा कामी येतात होपेन: प्राचीन जिवाणूंच्या पेशीपटलांतून उरलेले, पाच कड्यांचे चिवट रेणू. प्रत्येक तेलात त्यांचं प्रमाण निराळं, बोटांच्या ठशांसारखं. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे येतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं ते असेच तपासले, आणि काही गोळ्यांचं मूळ मुंबई हायच्या तेलात निघालं. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदाई-जहाजानं शोधलेलं, तेच हे समुद्रातलं तेलक्षेत्र.

माकणीच्या खाली असं तेल असेल का? शेजारच्या किल्लारीत 1993 च्या भूकंपानंतर खोल विंधनविवर घेतलं. 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक, आणि मग थेट अब्जावधी वर्षांपूर्वीचा कठीण पाया. तेल पिकायला लागतो तो जाड, सेंद्रिय गाळाचा थर इथं नाहीच. तेव्हा धरणाच्या गाळात खनिज तेलाची खूण सापडलीच, तर शोध जमिनीखाली नव्हे, काठावरच्या पंपांपासून आणि रस्त्यापासून सुरू करावा लागेल.