छोट्या रिव्हॉल्व्हरची मूठ

स्मिथ अँड वेसन कंपनीने 1950 मध्ये ‘चीफ्स स्पेशल’ हे पाच गोळ्यांचे आखूड रिव्हॉल्व्हर आणले. अमेरिकेत कपड्याआड शस्त्र बाळगणाऱ्यांमध्ये त्याच्या ‘जे-फ्रेम’ घराण्याला आजही मागणी आहे. ही रिव्हॉल्व्हर लपतात छान, हातात मात्र धड बसत नाहीत. जुन्या पद्धतीची लाकडी मूठ इतकी बारीक, की करंगळी अधांतरी राहते. ट्रिगरगार्डच्या मागे पोकळी उरते, ती वेगळीच. त्यात ॲल्युमिनियम फ्रेमची हलकी मॉडेल रिकामी असताना साधारण सव्वाचारशे ग्रॅमच भरतात. वजन कमी, म्हणून धक्का जास्त.

त्यावर अनेक जण रबरी मूठ बसवतात. मागची धातूची कड झाकणारे रबर तळहाताला खरोखर आराम देते. पण त्याच जाडीने ट्रिगर बोटापासून लांब जातो आणि लहान हाताच्या माणसाची पंचाईत होते. शिवाय रबर कापडाला धरते. खिशातून काढताना अस्तरही सोबत येते, अंगावरचा शर्ट मुठीवर अडकून फुगतो. तिथे गुळगुळीत लाकूडच सरस. बोटांच्या खाचा असलेल्या मुठी दुकानात मोहक वाटतात. खाचा आपल्या बोटांच्या मापाच्या नसतील तर नुसता ताप. गोळ्या एकदम भरण्याचे साधन, म्हणजे स्पीडलोडर, डाव्या बाजूला मुठीला अडत नाही ना, हेही पाहावे.

माझे मत विचाराल तर कमरेला बाळगणाऱ्याने रबर घ्यावे, खिशात ठेवणाऱ्याने लाकूड. आणि मूठ बदलताना स्क्रूला हात लावण्याआधी सिलिंडर उघडून सगळी घरे रिकामी आहेत याची खात्री करावी.