कंपवात ‘जागेवर थांबवणारी’ पावडर घेताय? आधी हे वाचा

घरात कुणाचा हात थरथरायला लागला, चाल मंदावली आणि डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणजे कंपवात सांगितला, की व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी डब्याचा फोटो पाठवतंच. ‘सुरुवातीलाच घ्या, आजार जागेवर थांबतो.’ खरंच थांबतो का?

अमेरिका आणि कॅनडात हे मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. पेशीला ऊर्जा कमी पडते, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणून ऊर्जेशी संबंधित दोन पदार्थ निवडले गेले. एक को-एन्झाइम क्यू-टेन, दुसरं क्रिएटिन, जिममधली पोरं घेतात तेच.

क्यू-टेनची सुरुवात झकास झाली. २००२ साली ८० रुग्णांच्या छोट्या चाचणीचा निकाल आला. जास्त डोस घेणाऱ्यांची तब्येत कमी घसरली होती. मग ६०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. काहींना क्यू-टेन, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं, हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. हा खटाटोप कशाला? कारण कंपवातात नुसत्या आशेनंही माणूस काही दिवस बरा चालतो. ते नाटक नसतं, मेंदू खरोखर थोडं जास्त डोपामिन सोडतो. शेजारच्याला ‘गुण आला’ म्हणतात तो असाही असू शकतो.

२०११ मध्ये ही चाचणी अर्ध्यावर थांबवली. फायदा दिसेना. क्रिएटिन १,७४१ रुग्णांवर तपासलं, रोज १० ग्रॅम. तेही २०१३ मध्ये थांबवलं. ई जीवनसत्त्व तर त्याआधीच ८०० रुग्णांच्या चाचणीत नापास झालं होतं.

आपल्याकडे खाजकुइलीचं चूर्णही घेतात. तिच्या बीमध्ये लिव्होडोपा असतं, डॉक्टरांच्या गोळीतलंच औषध. त्यानं हालचाल सुधारू शकते, पण आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर डोस वाढतो. मळमळ, चक्कर, अंग आपोआप वळवळणं, असे त्रास होतात. पुडी लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रथिनांच्या पावडरीचंही तसंच. गोळी तिच्यासोबत घेतली तर असर कमी होऊ शकतो, म्हणून गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घेतात. आणि पावडरीच्या भरवशावर गोळी एकदम बंद करू नका. अंग ताठून, ताप चढून जिवावर बेतू शकतं.