गणिताच्या पुस्तकातला द्वेष

नंदुरबारच्या मुलांना 1942 हे साल पाठ करावं लागत नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन गावातून मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा ही पाच पोरं गेली. शिरीषकुमारचा जन्म 28 डिसेंबर 1926 चा, म्हणजे तो तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. बाजारपेठेतलं स्मारक रोज हजारो लोकांच्या नजरेला पडतं आणि हा इतिहास तिथली मुलं घरातल्या गोष्टीसारखा सांगतात.

आता नकाशा थोडा मोठा करू. त्याच आठवड्यात, 5 ते 12 सप्टेंबरच्या दरम्यान, पोलंडमधल्या लोद्झ शहरात ज्यूंच्या कोंडवाड्यात संचारबंदी लावली होती. नाझींनी घराघरात शिरून दहा वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढचे म्हातारे आणि दवाखान्यातले आजारी बाहेर काढले. पंधरा हजारांहून जास्त माणसं तिथून नेऊन विषारी वायूनं मारली. सातपुड्याच्या पायथ्याचा तो बुधवार आणि पोलंडमधला तो बुधवार एकच होता, हे लक्षात आलं की इतिहासाच्या पुस्तकातली ‘भारत’ आणि ‘जग’ ही दोन प्रकरणं एकदम एकमेकांत मिसळतात.

होलोकॉस्ट, म्हणजे नाझी जर्मनीनं 1941 ते 1945 या काळात केलेला युरोपातल्या ज्यूंचा वंशसंहार, मुलांना शिकवायचा कसा, हा प्रश्न जगभरच्या शिक्षकांना पडतो. मारले गेलेले ज्यू सुमारे 60 लाख. त्यातली मुलं सुमारे 15 लाख. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत होती. नवापूरपासून धडगावपर्यंत, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, सगळी गावं आणि सगळे पाडे धरून जेवढी माणसं होतील, जवळजवळ तेवढी नुसती मुलं. असा हिशेब सांगितला की वर्ग गप्प होतो. पण हा विषय वर्षानुवर्षं शिकवणारे लोक सांगतात की आकड्यावर थांबू नका. आकडा मनाला बधिर करतो. एक मूल निवडा, त्याचं नाव सांगा, त्याला काय आवडायचं ते सांगा, त्याची शाळा कशी होती ते सांगा.

एनसीईआरटीनं 2006 मध्ये काढलेल्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात नाझीवादावर अख्खं प्रकरण आहे, आणि त्याची सुरुवात एका मुलापासून होते. हा मुलगा मात्र ज्यू नाही. हेल्मुट नावाचा अकरा वर्षांचा जर्मन पोरगा, नाझी डॉक्टरचा मुलगा. 1945 च्या वसंतात तो अंथरुणात पडल्या पडल्या आईवडिलांचं बोलणं ऐकतो. आपण ज्यूंचं जे केलं, ते आता आपल्या वाट्याला येईल, अशी भीती बाप बोलून दाखवत असतो. दुसऱ्या दिवशी तो हेल्मुटला फिरायला नेतो, गाणी म्हणतो, आणि मग कचेरीत जाऊन स्वतःला गोळी घालून घेतो. आई आपल्यालाही विष देईल या धास्तीनं हेल्मुट पुढे नऊ वर्षं घरचं अन्न खात नाही. मला हे प्रकरण फार धाडसी वाटतं, कारण ते विद्यार्थ्याला थेट गुन्हेगाराच्या घरात, त्याच्या मुलाच्या खोलीत नेऊन बसवतं.

नंदुरबार जिल्ह्यात श्रावणीच्या जवाहर नवोदय विद्यालयात सीबीएसईचा अभ्यासक्रम चालतो, म्हणजे तिथल्या मुलाला हेल्मुट भेटला असणार. चार मैलांवरच्या राज्य मंडळाच्या शाळेतला नववीचा मुलगा त्याच वर्षी स्वातंत्र्योत्तर भारताचा इतिहास वाचतो. त्याला हेल्मुट कोणी सांगितला तरच कळतो. एकाच गावची दोन भावंडं या बाबतीत वेगवेगळ्या जगात वाढू शकतात.

हिटलरनं ज्यूंचा हा द्वेष निर्माण केला नाही. तो युरोपात शतकानुशतकं होता. 1348 नंतर प्लेगची साथ पसरली तेव्हा ज्यूंनी विहिरीत विष कालवलं अशी आवई उठली आणि वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात धर्माच्या द्वेषाला वंशाच्या ‘शास्त्रा’चा मुलामा मिळाला. धर्म निदान बदलता यायचा, रक्त कसं बदलणार? या द्वेषाचा एक गुण मला सगळ्यांत चमत्कारिक वाटतो. ज्यूद्वेष्टा एकाच श्वासात ज्यूंना हीन म्हणतो आणि तेच सगळं जग पडद्याआडून चालवतात असंही म्हणतो. 1903 मध्ये रशियात एक बनावट कागदपत्र छापून आलं, ज्यात ज्यू पुढाऱ्यांचा जग काबीज करण्याचा कट ‘उघड’ केला होता. ते खोटं आहे हे 1921 मध्येच सिद्ध झालं, तरी ते अजून फिरतंय. त्याची आधुनिक रूपं आपल्याकडच्या मोबाईलमध्येही येऊन पोचतात. म्हणून ज्यूद्वेष शिकवताना तारखांइतकंच, अफवा कशी रचली जाते आणि ती पसरते कशी, हेही शिकवावं लागतं.

नाझींनी या अफवेला शाळेत आणून बसवलं. एप्रिल 1933 मध्ये कायदा करून शाळा-कॉलेजातली ज्यू मुलांची संख्या मर्यादित केली. नोव्हेंबर 1938 मध्ये उरलेल्यांना जर्मन शाळांतून हाकलून दिलं. त्याच वर्षी मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक निघालं, त्यात ज्यू माणूस विषारी अळंबीसारखा असतो असं आई आपल्या मुलाला रानात समजावून सांगते. आणि गणित! मनोरुग्णाला आणि अपंगाला सांभाळायला सरकारला रोज इतके मार्क खर्च येतो, तर तेवढ्या पैशात किती तरुण जोडप्यांना घरासाठी कर्ज देता येईल, अशी उदाहरणं मुलं सोडवत होती. उत्तर बरोबर आलं की गुण मिळत होते. त्या अपंगांपैकी सत्तर हजारांवर माणसं पुढे 1940-41 मध्ये वायूच्या खोल्यांत मारली गेली. बेरीज-भागाकाराच्या सरावातून दया पुसून टाकता येते, हे मला प्रेतांच्या छायाचित्रांपेक्षा जास्त हादरवतं.

याच वर्षांत कोंडवाड्यातली माणसं काय करत होती, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. वॉर्सामध्ये इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराच्या गुप्त मंडळानं कोंडवाड्यातलं आयुष्य टिपून ठेवलं. मुलांचे निबंध, रेशनची कार्डं, गोळ्यांच्या चांद्या, भिंतीवरची फर्मानं, सगळं. ऑगस्ट 1942 मध्ये, मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव होत होता त्याच दिवसांत, त्यांनी दहा पत्र्याच्या पेट्या नोवोलिपकी रस्त्यावरच्या एका शाळेच्या इमारतीखाली पुरल्या. पुरणाऱ्यांत एकोणीस आणि अठरा वर्षांची दोन पोरं होती. 1946 मध्ये त्या पेट्या उकरून काढल्या, म्हणून आज आपल्याला यातलं इतकं कळतं.

त्याच कोंडवाड्यात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथाश्रम चालवत होते. 18 जुलै 1942 रोजी त्यांच्या मुलांनी एक नाटक केलं. नाटक रवींद्रनाथ टागोरांचं, ‘डाकघर’. खिडकीशी बसलेला आजारी अमल राजाच्या पत्राची वाट पाहतो ती गोष्ट, पोलिश भाषेत, भुकेल्या मुलांच्या तोंडून. चारच दिवसांनी गाड्या सुटायला लागल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक सुमारे दोनशे मुलांबरोबर ट्रेब्लिंका या मृत्यूच्या छावणीच्या गाडीत चढले. त्यांना सुटका देऊ करणारे होते, पण कोर्चाकांनी मुलांना सोडलं नाही. भारतातल्या शिक्षकाला होलोकॉस्टमध्ये शिरायचं असेल तर यापेक्षा जवळचं दार मला दिसत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘डाकघर’ बसवावं आणि ते याआधी कुठे, कधी झालं होतं ते मुलांना सांगावं.

दुसरं दार रायगडच्या किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. ती कोकणात राहिली, तेलाचे घाणे चालवायला लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर. मराठी बोलायचे, बायांचं लुगडं इथलंच, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांची मराठी कीर्तनंही रचली. ज्यांना पाहून युरोपात माणसं दगड उचलत होती, त्यांच्याकडून कोकणातली माणसं शतकानुशतकं तेल घेत होती. म्हणजे तो द्वेष निसर्गात नव्हता, तो माणसांनी शिकवला होता. नववीतल्या मुलाला हे आपल्याच भाषेतल्या आडनावांतून कळणं केवढी मोठी गोष्ट आहे!

पण इथे स्वतःची पाठ थोपटून थांबता येत नाही. गोव्यात 1560 मध्ये पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं ते ज्यू मुळाच्या ख्रिश्चनांनाही शोधत होतं. औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यात ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया दा ओर्ता, ज्याच्याकडे मुंबईचं बेट इजाऱ्यानं होतं, तो 1568 मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्यातलं नरिमन हाऊस निवडलं गेलं ते तिथे ज्यू राहतात म्हणूनच.

शिकवणाऱ्यांनी आता एक गोष्ट पक्की ठरवली आहे: वर्गात ‘तू नाझी, तू ज्यू’ असा खेळ करायचा नाही. जेरुसलेमचं याद वाशेम आणि वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय दोन्ही तसंच सांगतात. मुलाला त्यातून त्या यातनेची कल्पना येत नाही, नुसता थरार मिळतो किंवा घाव बसतो. लहानांना वाचलेल्यांच्या गोष्टी आधी, मृत्यूच्या छावण्या खूप नंतर.

नंदुरबारच्या वर्गात आणखी एक प्रश्न येणारच, आणि तो शिक्षकानं दाबू नये. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, पुढे मुंबई इलाख्यातही पारध्यांसारख्या समाजांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागली, आणि हा कायदा 1952 मध्ये उठला. हा कायदा आणि होलोकॉस्ट या दोन गोष्टी सारख्या नाहीत. एकीकडे जाच होता, दुसरीकडे एका समाजाला पृथ्वीवरून पुसायचं ठरलं होतं. तरीही जन्मावरून माणसाची नोंदवही करायची रीत पारध्याच्या पोराला कोणी समजावून द्यावी लागत नाही. ‘मग आमच्याबद्दल पुस्तकात का नाही?’ असं त्यानं विचारलं, तर त्या दिवशीचा तास त्याच्या प्रश्नावर घ्यावा.

संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये 27 जानेवारी हा होलोकॉस्टचा स्मृतिदिन ठरवला, कारण 1945 मध्ये त्या दिवशी ऑशविट्झची छावणी मोकळी झाली. आपल्या शाळांत तो दिवस प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी येतो. नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्याचा निकाल 1 ऑक्टोबर 1946 ला लागला आणि आपली संविधान सभा 9 डिसेंबर 1946 ला बसली. मधे जेमतेम दहा आठवडे. 26 ला मुलांनी उद्देशिका वाचलेली असतेच. 27 ला शिक्षकांनी कलम 15 काढून वाचावं, ज्यात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे, आणि मग 1933 चा तो जर्मन शाळांचा कायदा शेजारी ठेवून मुलांना दोन्हींतला फरक स्वतः शोधायला सांगावा.