नवीन शैक्षणिक वर्षाची पूर्वतयारी आणि प्राथमिक शिक्षक : एक विवेचन

बीजसंज्ञा : प्राथमिक शिक्षण, पूर्वतयारी, बहुवर्ग अध्यापन, वार्षिक नियोजन, बालकांचा शिक्षण हक्क.

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळा साधारणतः जूनच्या मध्यास सुरू होतात. विदर्भात उन्हाची तीव्रता लक्षात घेऊन त्या आणखी काही दिवसांनी उघडतात. पहिल्या दिवशी दारावर तोरण लागते, प्रभातफेरी निघते, नवागतांचे स्वागत होते आणि मोफत पाठ्यपुस्तकांचे वाटप होते. प्रवेशोत्सवाचे हे दृश्य सर्वपरिचित आहे. मात्र त्या दिवसापूर्वी शिक्षकाने केलेली किंवा त्याला करता न आलेली तयारी ही वर्षभराच्या अध्यापनाची दिशा ठरवीत असते. या तयारीचे दोन भाग संभवतात. एक शाळेची तयारी व दुसरी अध्यापनाची तयारी. पहिल्या तयारीस ठरलेल्या तारखा, नमुने आणि तपासणी असते. दुसरी तयारी मात्र बहुतांशी शिक्षकाच्या वैयक्तिक निष्ठेवर सोडलेली आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या तयारीचे स्वरूप व तिच्या मार्गातील अडचणी यांचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१. पूर्वतयारीस कायद्याने दिलेले स्थान स्पष्ट करणे.
२. अध्यापनाच्या पूर्वतयारीचे प्रमुख घटक विशद करणे.
३. या तयारीतील अडथळ्यांचा विचार करणे.

कायद्यातील स्थान :

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास आवश्यक आहेत. याच अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास ठरविले असून त्यांत तयारीचे तास समाविष्ट आहेत, ही बाब विशेष महत्त्वाची होय. ८०० तासांची २०० दिवसांत विभागणी केल्यास दररोज ४ तास, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात २४ तास अध्यापनाचे येतात. उरलेल्या २१ तासांत तयारीला जागा असावी, असे कायद्यास अभिप्रेत आहे. कलम २४ नुसार प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जाणून घेणे व आवश्यकतेनुसार पूरक अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. अर्थात पूर्वतयारी हा शिक्षकाच्या सौजन्याचा भाग नसून त्याच्या वेतनी कामाचा भाग आहे.

शाळेची तयारी :

वर्गखोल्यांची व पाण्याच्या टाकीची स्वच्छता, दाखलपात्र मुलांचे सर्वेक्षण, जनरल रजिस्टरमधील नोंदी, नवे हजेरीपट, पोषण आहाराच्या धान्यसाठ्याची तपासणी, पाठ्यपुस्तकांची मागणी व आवक, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, यू-डायस प्लस प्रणालीतील माहिती अद्ययावत करणे ही कामे या भागात मोडतात. ती सर्व आवश्यकच आहेत. परंतु दोनशिक्षकी शाळेत लिपिक नसतो, बहुधा शिपाईही नसतो. त्यामुळे ही कामे शिक्षकावरच येतात आणि जूनचा पहिला पंधरवडा त्यांत संपून जातो.

अध्यापनाची तयारी :

(अ) विद्यार्थ्यांचा आरंभबिंदू ओळखणे : शासनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यातील वर्णनात्मक नोंदींचा खरा उपयोग पुढील वर्गशिक्षकास व्हावा, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात या नोंदी कपाटात राहतात व पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानापासून वर्ष सुरू होते. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत याचे परिणाम गंभीर होतात. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करतात व गळीत हंगाम संपल्यावर परततात. अशा मुलाचे दुसरे सत्र निसटलेले असते. चौथीच्या हजेरीपटावर नाव असलेले मूल गणितात तिसरीच्या मध्यावर थांबलेले असू शकते. जूनमध्ये ही दरी लक्षात न आल्यास दिवाळीपर्यंत ती रुंदावते आणि मूल पुन्हा गावाबाहेर जाते. अशा मुलासाठी वर्षातील हाती येणारा काळ मुळातच चार-साडेचार महिन्यांचा असतो.

कोविडकाळानंतर २०२१ मध्ये राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबविण्यात आला. मागील इयत्तेच्या क्षमतांपासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने चाचणी घेण्याची त्याची पद्धत होती. आपत्तीच्या निमित्ताने रूढ झालेले हे तत्त्व सामान्य वर्षातही तितकेच उपयुक्त आहे.

(ब) बहुवर्ग नियोजन : उपरोक्त अधिनियमानुसार ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक मंजूर होतात. पहिली ते पाचवीच्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन व दुसऱ्याकडे तीन इयत्ता येतात. दररोजच्या ४ तासांचे, म्हणजे २४० मिनिटांचे, तीन इयत्तांत समान वाटप केल्यास प्रत्येक इयत्तेस ८० मिनिटे प्रत्यक्ष अध्यापन मिळते. उरलेली १६० मिनिटे मुलांनी स्वतःच्या बळावर शिकावयाची असतात. वर्षाच्या ८०० तासांपैकी सुमारे ५३३ तास याप्रमाणे शिक्षकाच्या थेट अध्यापनाविना जातात. हे तास अर्थपूर्ण होणे किंवा केवळ पाटीवर पाढे गिरवण्यात जाणे, हे सर्वस्वी पूर्वतयारीवर अवलंबून आहे.

या परिस्थितीत तिन्ही इयत्तांस समान असणारे घटक शोधून त्यांची एकत्र मांडणी करणे हा एक मार्ग आहे. उदाहरणार्थ, मापन हा घटक घेतल्यास तिसरीने वितीने व पट्टीने बाकाची लांबी मोजावी, चौथीने ती मीटर व सेंटिमीटरमध्ये लिहावी आणि पाचवीने त्याच बाकाच्या पृष्ठभागाची परिमिती काढावी. शिक्षकाचे प्रास्ताविक एकच, कृती मात्र तीन. यासाठी लागणारी कृतिपत्रके, पट्ट्या, गटांची रचना व गटनायकाची निवड ऐन तासाला करता येत नाही. ती आधीच सिद्ध असावी लागते. रोजचे टाचण हा त्याचा शेवटचा टप्पा असून वार्षिक व घटक नियोजन हा पाया आहे.

(क) पहिलीचे मूल आणि घरची भाषा : २०२२ मध्ये राबविलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात मेळाव्यांतून मुलांची शारीरिक, बौद्धिक, भाषिक व गणनपूर्व तयारी पाहण्यात आली आणि मातांना सहभागी करून घेण्यात आले. शाळेने घराकडे जाण्याचा हा प्रयत्न स्तुत्य होता. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी भाषक मुलासाठी तर तो अनिवार्य ठरतो. कोरकू ही मुंडा कुळातील व गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. म्हणजे पाठ्यपुस्तकाची मराठी ही त्या मुलास वेगळ्याच कुळातील भाषा असते. अंगणवाडी सेविका व मातांच्या साहाय्याने घर, अन्न, प्राणी, नाती यांविषयीचे नित्याचे शब्द शिक्षकाने शाळा उघडण्यापूर्वी आत्मसात केले, तर पहिल्या आठवड्यातील मुलाचे मौन पुष्कळ अंशी सुटते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे कार्य केले. मुलाच्या परिसरापासून शिक्षणाचा आरंभ करण्याचा पाठ या कार्याने फार पूर्वीच घालून दिला आहे.

अडथळे :

पहिला अडथळा बदल्यांचा होय. उन्हाळ्यात बदली झालेला शिक्षक जूनमध्ये अनोळखी गावात रुजू होतो. मुलांची माहिती जुन्या शिक्षकाबरोबर निघून जाते. दुसरा अडथळा अशैक्षणिक कामांचा. कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अशी कामे देण्यास मनाई केली असली, तरी या अपवादांची व्याप्तीच मोठी आहे. तिसरा अडथळा निर्णयांच्या कालक्रमाचा. २०२५-२६ मध्ये पहिलीचा नवा अभ्यासक्रम लागू होत असताना हिंदी या तिसऱ्या भाषेविषयी १६ एप्रिल २०२५ रोजी शासन निर्णय निघाला. १६ जूनला विदर्भाव्यतिरिक्त शाळा उघडल्या, १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाल्याचे घोषित करण्यात आले. त्या धोरणाविषयीचे मत काहीही असो, वर्ष सुरू झाल्यावर बदलणारे निर्णय शिक्षकाचे नियोजन निरर्थक करतात, हे मान्य करावे लागेल.

निष्कर्ष :

१. शाळा उघडण्यापूर्वीच्या दिवसांपैकी काही दिवस केवळ अध्यापनाच्या नियोजनासाठी राखून ठेवावेत व त्या काळात माहिती संकलनाची कामे देऊ नयेत.
२. बदली होणाऱ्या शिक्षकाने कार्यभार सोपविताना दप्तराबरोबर प्रत्येक मुलाच्या अध्ययनस्थितीची नोंद सोपविणे बंधनकारक असावे.
३. बहुवर्ग नियोजनाचे साहित्य केंद्र पातळीवर शिक्षकांनी एकत्रितपणे तयार करावे.
४. अभ्यासक्रम व वेळापत्रकाविषयीचे निर्णय उन्हाळी सुटीपूर्वी अंतिम व्हावेत.

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाचनाविषयी व लेखनाविषयी आपण प्राध्यापक मंडळी वारंवार खंत व्यक्त करतो. त्या उणिवांपैकी अनेकींचा आरंभ पहिली-दुसरीच्या वर्गात झालेला असतो. प्राथमिक शिक्षकाच्या जूनमधील तयारीस वेळ मिळवून देणे, ही म्हणूनच उच्च शिक्षणाच्याही हिताची गोष्ट आहे.