एकाच रचनेचीं चार ध्वनिमुद्रणें

चित्र एकदां काढून झालें कीं तें पाहणाऱ्यापुढें जसेंच्या तसें उभें राहतें. संगीताचें तसें नाहीं. युरोपांतील रचनाकार आपलें संगीत स्वरलिपींत लिहून ठेवतो खरा. परंतु कागदावरील खुणांना नाद नसतो. प्रत्येक पिढींतील वादकांनीं त्या खुणा वाचाव्या आणि तें संगीत नव्यानें उभें करावें, अशी ती रीत आहे. म्हणून एखाद्या रचनेशीं ज्याचा परिचय एकाच ध्वनिमुद्रिकेवरून झाला असेल, त्याची एक फसगत होण्याचा संभव असतो. वादकाची लकब हीच रचनाकाराची आज्ञा, असें तो समजूं लागतो. यावर उपाय सोपा आहे: तीच रचना तीनचार निरनिराळ्या वादकांच्या हातून ऐकावी.

अशा तुलनेला मोठ्या वाद्यवृंदापेक्षां चेंबर म्यूझिक, म्हणजे दिवाणखान्यांतील संगीत, अधिक सोयीचें. वादक मोजके, प्रत्येकाचा स्वर वेगळा ओळखूं येतो, आणि पुढें उभा राहून सर्वांना एका लयींत बांधणारा संचालक नसतो. उदाहरणादाखल बीथोव्हेनची 'आर्चड्यूक' या नांवानें ओळखली जाणारी, पियानो, व्हायोलिन व चेलो या तीन वाद्यांची रचना घेऊं. ती १८१०-११ सालीं तयार झाली आणि बीथोव्हेननें ती आपला शिष्य व आश्रयदाता आर्चड्यूक रूडॉल्फ याला अर्पण केली. ता. ११ एप्रिल १८१४ रोजीं व्हिएन्ना येथें ती लोकांपुढें प्रथम वाजली, तेव्हां पियानोवर स्वतः बीथोव्हेनच होता. त्याचें बहिरेपण त्या वेळीं बरेंच वाढलें होतें. मोशेलेस हा तरुण पियानोवादक तेथें हजर होता. वादनांत स्पष्टता व नेटकेपणा कमी होता, पण थोरवीच्या खुणा जागोजागीं दिसत होत्या, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. तेव्हां खुद्द रचनाकाराचें वादन आज ऐकावयास मिळतें, तरी तें प्रमाण मानतां आलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे.

रचनेचे खंड चार. पहिल्याची सुरुवात पियानो एकटाच हलक्या, मधुर स्वरांत करतो. दुसरा खेळकर असून त्याचा आरंभ चेलो करतो. तिसरा खंड हा या रचनेचा गाभा. प्रार्थनेसारखी शांत अशी एक सुरावट येते, आणि मग तिचीं चार रूपांतरें होतात. रूपांतरागणिक स्वरांची वीण दाट होत जाते. या खंडाच्या माथ्यावर बीथोव्हेननें जें लिहिलें आहे त्याचा अर्थ असा: संथ, गातां येईल असें, पण तरीहि गति राखून. पुढें चौथ्या रूपांतरापाशीं 'किंचित् अधिक संथ' अशी सूचना आहे. शेवटचा खंड याला लागूनच, मध्यें न थांबतां सुरू व्हावयाचा असतो.

त्या 'पण तरीहि' या शब्दांतच वादकाची कसोटी आहे. लयीचा आंकडा बीथोव्हेननें या रचनेला दिलेला नाहीं. आरंभीं लय फार ओढली तर सुरावटीचा धागा तुटतो. फार जलद धरली तर पुढील दाट वीण गर्दीसारखी वाटते. म्हणजे पहिल्या स्वरालाच चौथ्या रूपांतराचा विचार करावा लागतो. हा निर्णय कोणी कसा केला, तें आतां पाहूं.

पहिलें ध्वनिमुद्रण १९२८ सालचें, लंडन येथील. पियानोवर आल्फ्रेड कोर्तो, व्हायोलिनवर झाक तिबो आणि चेलोवर पाब्लो कासाल्स. हे तिघे १९०५ पासून एकत्र वाजवीत आलेले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चारसाडेचार मिनिटांचेंच संगीत मावे. आपल्याकडे ख्यालगायक त्या मर्यादेंत बसेल इतकाच विस्तार करीत असे. परंतु लिहिलेली रचना आंखडतां येत नाहीं. ती तुकड्यातुकड्यांनीं मुद्रित करावी लागे, आणि एक स्वर चुकला तर संपूर्ण बाजू पुन्हां वाजवावी लागे. ऐकणारालाहि तिसऱ्या खंडांत मध्येंच उठून तबकडी बदलावी लागे. अशा अडचणींतहि या वादनांत घाई नाहीं. व्हायोलिन व चेलो एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना आपल्या मींडेसारखे घसरत जातात. कोर्तोचा डावा हात पुष्कळदां उजव्याच्या किंचित् आधीं पडतो. आजच्या शिक्षकाला हें सैल वाटेल. पण थोडा वेळ ऐकल्यावर ध्यानांत येतें कीं, तीन जुने स्नेही बोलत बसले आहेत. एक बोलत असतां दुसरे दोघे त्याच्यासाठीं थांबतात.

दुसरें ध्वनिमुद्रण अमेरिकेंतील, सप्टेंबर १९४१ मधील. वादक आर्थर रूबिनस्टाइन, याशा हायफेट्झ आणि इमान्युएल फॉयरमान. येथें हवा बदलली आहे. लय ताणलेली, स्वर लखलखीत, गजाची प्रत्येक फेंक नेमकी. घसरण येथेंहि आहे, पण ती क्षणिक व हिशेबी. पहिल्या खंडाच्या मध्यभागीं व्हायोलिन व चेलो गज बाजूला ठेवून तारा बोटांनीं छेडतात आणि पियानो त्यांना तुटक स्वरांनीं उत्तर देतो. ती जागा येथें विशेष ऐकावी; तिघांचा नेमकेपणा तेथें पुरता पटतो. उणें कांहीं असेल तर तें उसंतीचें. मे १९४२ मध्यें फॉयरमान वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं वारला. त्यामुळें या तिघांचीं मुद्रणें मोजकींच राहिलीं.

तिसऱ्या ध्वनिमुद्रणांत कासाल्स पुन्हां भेटतो, तो १९५८ सालीं, बीथोव्हेनच्या जन्मगांवीं, बॉन येथें. सोबत मिएचिस्लाव्ह होर्शोव्स्की व शांदोर वेग. दीर्घवादनाच्या तबकड्या निघाल्यास तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं. तिसरा खंड आतां न तुटतां ऐकतां येई. मधल्या तीस वर्षांत मात्र बरेंच कांहीं तुटलें होतें. स्पेनमधील यादवी युद्धानंतर कासाल्सनें दक्षिण फ्रान्समधील प्राद या गांवीं आश्रय घेतला होता. कोर्तोनें जर्मन अंमलाच्या काळांत व्हिशी सरकारांत पद स्वीकारलें होतें, आणि दोघांमध्यें दुरावा आला होता. तिबो १९५३ सालीं विमान अपघातांत मरण पावला. १९५८ च्या उन्हाळ्यांत प्राद येथें कासाल्स व कोर्तो पुन्हां एकत्र वाजवावयास बसले. त्यानंतर बॉनचें हें वादन. कासाल्स तेव्हां एक्यायशीं वर्षांचा होता. स्वरांत पूर्वीची गोलाई राहिलेली नाहीं, पण प्रत्येक वाक्य जणुं तोलून उच्चारलेलें आहे.

येथें ऐकणारानें सावध राहावें. हा इतिहास एकदां कानीं पडला कीं, त्या संथ खंडांत विरह व क्षमा ऐकूं येऊं लागतात. तीं वादनांत आहेत कीं ऐकणाराच्या मनांत? पारखण्याची एक युक्ति आहे. वादकांचीं नांवें व साल न सांगतां घरांतील दुसऱ्या कोणाला तो भाग ऐकवावा आणि त्याला काय जाणवलें तें विचारावें. त्यालाहि तेंच जाणवलें, तर तें बव्हंशीं वादनांतील. न जाणवलें, तर आपण आपलीच माहिती ऐकत होतों.

चौथें मुद्रण २०१४ सालीं प्रसिद्ध झालेलें: इझाबेल फाउस्ट, झाँ-गिहेन केरास आणि अलेक्झांडर मेल्निकोव्ह यांचें. यांत पियानो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील बांधणीचा आहे. त्याचा नाद सडपातळ, आणि उमटतांच विरूं लागणारा. असा पियानो तारवाद्यांवर कुरघोडी करीत नाहीं. त्यावर संथ सुरावट फार ताणतांहि येत नाहीं, कारण पुढचा स्वर येण्यापूर्वींच मागचा मावळतो. 'पण तरीहि गति राखून' या सूचनेचें एक कारण वाद्याच्या लांकडांत व तारेंतच होतें, हें येथें उमजतें.

तुलना करूं इच्छिणाऱ्यानें चारहि वादनें एकापाठोपाठ ऐकूं नयेत, कान थकतो. तीन जागा निवडाव्या: पियानोचीं पहिलीं वाक्यें, तारा छेडण्याची ती जागा, आणि तिसऱ्या खंडाची सुरावट चौथ्या रूपांतरासह. एका दिवशीं एकच जागा चौघांकडून ऐकावी. चारहि ठिकाणीं जें सारखें राहिलें तें बहुधा बीथोव्हेनचें आणि जें बदललें तें वादकांचें, एवढा हिशेब मांडतां आला म्हणजे पुष्कळ झालें. मग सर्वांत चांगलें वादन कोणतें, या प्रश्नाची घाई उरत नाहीं. पुढचें, पांचवें वादन ऐकण्याची उत्सुकता मात्र वाढते.